आभासी, भासमान की दर्शनी? व्हीएला मराठीत काय म्हणायचं

पानपुस्ती:
यूपीएसच्या माहितीपुस्तिकेचं मराठी करतेय, एका शब्दावर अडलेय. प्लेटवर दोन आकडे आहेत, ६०० व्हीए आणि ३६० वॅट. वॅटवाली खरी शक्ती, ते ठीक. व्हीए म्हणजे व्होल्ट-अँपिअर, इंग्रजीत त्या राशीला 'अपॅरंट पॉवर' म्हणतात; तिला 'आभासी शक्ती' लिहिलं तर तपासणाऱ्यांनी खोडलं, म्हणे आभासी म्हणजे नसलेलीच, वाचणारा तो आकडा सोडूनच देईल. पण आरशातल्या प्रतिमेला आपण आभासीच म्हणतो ना?

वायंडिंगवाला:
त्यांचं बरोबर आहे. ट्रान्सफॉर्मरची तार तापते करंटने, आतला लोखंडी कोअर तापतो व्होल्टेजने, त्यातलं काम किती झालं हे तारेला कळत नाही, म्हणून तर ट्रान्सफॉर्मरवर केव्हीए, म्हणजे हजार व्हीए, लिहितात. परवाच एका मशीनला २३० व्होल्टवर क्लॅम्प मीटर २ अँपिअर दाखवत होता, म्हणजे ४६० व्हीए, आणि वॅटमीटरवर फक्त ३२२. पॉवर फॅक्टर, म्हणजे वॅट भागिले व्हीए, ०.७. वायर २ अँपिअर धरूनच घालावी लागते, मग त्याला आभासी कसं म्हणायचं?

शब्दवेडी:
'भासमान' घ्या. धातू दोन्हीकडे भास् च, प्रकाशणं, दिसणं. पण 'आभास'ला मराठीत फसवणुकीचा वास लागलाय, भासमानला नाही.

उलटतपासणी:
कसा नाही? सूर्याचं भासमान भ्रमण म्हणतो तेव्हा सूर्य पृथ्वीभोवती फिरत नसतोच की!

वायंडिंगवाला:
मग 'दर्शनी' म्हणा, दर्शनी किंमत म्हणतो तसं. व्होल्ट गुणिले अँपिअर केलं की समोर दिसते ती.

सरळसोट:
कशाला एवढं, व्हीए लिहा आणि मोकळे व्हा, कामावरचा माणूस तेच बोलतो.

शब्दवेडी:
व्हीए हे एकक झालं हो. वॅट, व्होल्ट, अँपिअर ही माणसांच्या नावांवरून आलेली एककं, ती तशीच राहू देत, पण जी राशी मोजतोय तिला मराठी नाव नको? अश्वशक्ती रुळलाच ना?

सरळसोट:
कुठे रुळलाय, पंपाला सगळे एचपीच म्हणतात.

शब्दवेडी:
आमच्याकडे अजून म्हणतात, 'पाच अश्वशक्तीची मोटर'. आणि घोडा डोळ्यासमोर येतो, एचपीत काय येतं?

उलटतपासणी:
पण मोटरवरची अश्वशक्ती म्हणजे शाफ्टवर मिळणारी, लाईनमधून ती त्याहून जास्तच ओढते. तिथे दर्शनी कोणती म्हणणार, प्लेटवरची का मीटरवरची?