ओव्हरक्लॉक केलेला कॉम्प्युटर रात्री गिरणीसारखा वाजतो, काय करावं?

निशाचर_इंदूर

मंडळी, लोकमान्य नगरात आमचं दोन खोल्यांचं जुनं घर आहे. मी लग्नांचे व्हिडिओ एडिट करतो आणि रेंडर (एडिट केलेल्याचा अखेरचा व्हिडिओ तयार करणं) रात्री लावून ठेवतो. पडद्यापलीकडे आजीचा पलंग. आजोबा इंदूरच्या हुकुमचंद कापड मिलमध्ये होते. मिल १९९१ साली बंद पडली, पण आजीचं म्हणणं, तिचं एक खातं माझ्या टेबलाखाली अजून चालू आहे.

मशीन असं: रायझन ५ २६०० प्रोसेसर, त्याच्याच डब्यात आलेला कूलर (प्रोसेसरवरचा, खिडकीतला नव्हे), बी४५० मदरबोर्ड, पुढून अख्खी काच असलेलं कॅबिनेट, काचेमागे तीन रंगीत पंखे, मागे एक. व्हिडिओ बघून बघून ४.१ गिगाहर्ट्झला नेलंय (ओव्हरक्लॉक, म्हणजे कंपनीने ठरवलेल्यापेक्षा जास्त वेग), व्होल्टेज ऑटोवर, बोर्डच ठरवतो. रेंडर लावलं की पाच मिनिटांत ९३-९४ अंश आणि मग जी काय किंचाळी सुरू होते ती पहाटेपर्यंत. ज्याने मशीन बांधून दिलं तो दुकानदार म्हणतो लिक्विड कूलिंग (नळ्यांतून द्रव फिरवून प्रोसेसर गार करणं) घाल, आठ हजार होतील. माझ्याकडे तीन आहेत. आजी हल्ली कानावर उशी घेऊन झोपते, म्हणून घाई.

बडोद्याचा_बाळ

भाऊ, मी दांडिया बाजारात वाड्याच्या माडीवर राहतो, वर पत्रा. मे महिन्यात मी मशीन सरळ खिडकीतल्या कूलरच्या झोतात ठेवतो. तापमान झटक्यात उतरतं. आणि तो कूलरच एवढा घरघरतो की कॉम्प्युटर ऐकूच येत नाही. प्रश्न मिटला!

पाना_पक्कड

बाळ, धन्य आहेस. त्या झोतात पाण्याचे तुषार असतात आणि ओलसर हवेत धूळ हीटसिंकवर (प्रोसेसरवरच्या धातूच्या पत्र्यांवर) लोण्यासारखी थापली जाते. दोन उन्हाळे काढलेस, तिसऱ्याला बोर्ड हातात येईल.

निशाचर, आठ हजार खिशातच राहू देत. लिक्विडलाही रेडिएटरवर पंखे असतातच, वर पंपाची भर. आधी ओरडतंय कोण ते शोध. रेंडर चालू ठेव, बाजूचं झाकण काढ आणि एकेका पंख्याच्या मधल्या गोल टिकलीवर बोट हलकेच टेकव. पात्यांना हात लावू नकोस. दोन सेकंद थांबव, ऐक, सोड. आणखी दोन गोष्टी बघून सांग: पुढची काच काढल्यावर तापमान किती उतरतं, आणि त्या रंगीत पंख्यांच्या वायरीला भोकं तीन आहेत की चार?

निशाचर_इंदूर

काका, केलं. प्रोसेसरचा पंखा थांबवला तर किंचाळी गेली, पण खालचा जाडा घोंघाट तसाच. तो पुढच्या तिघांचा निघाला! मशीन रिकामं बसलेलं असतानाही ते तेवढ्याच जोरात फिरतात. वायरीला तीन भोकं. काच काढली तर ९३ वरून ८४.

पाना_पक्कड

नऊ अंश नुसत्या काचेचे! म्हणजे तुझे पंखे काचेच्या मागून हवा ओढायचा प्रयत्न करतायत, जशी बंद दाराच्या फटीतून. ती काच दिसायला झकास, पण खोका श्वास कुठून घेणार? तिला चार कोपऱ्यांत अर्धा-पाऊण इंचाचे रबरी बूच लावून पुढे उचल.

आता तीन भोकांचं. तीन पिनांचा पंखा व्होल्टेज कमी केल्यावरच हळू होतो. चार पिनांच्या पंख्याला वेगाचा इशारा चौथ्या तारेतून मिळतो, त्याला १२ व्होल्ट कायम. तुझ्या बायोसमध्ये (मशीन सुरू होताना उघडतात त्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये) ते हेडर (पंख्याची वायर बोर्डाला जिथे लागते ती जागा) पीडब्ल्यूएम, म्हणजे चौथ्या तारेच्या, मोडवर ठेवलेले असणार, म्हणजे बोर्ड चौथ्या तारेतून इशारे देत बसतो आणि ती तारच नाही. पंखे बिचारे जन्मभर फुल स्पीड. तिथे डीसी मोड, म्हणजे व्होल्टेजने वेग ठरवणारा, कर. वेग निम्मा झाला की हवा निम्मी होते, पण आवाज साधारण १५ डेसिबलने पडतो. मोठा पंखा सावकाश फिरवायचा, एवढंच या धंद्यातलं गुपित.

मग व्होल्टेज. ऑटो किती देतंय?

निशाचर_इंदूर

१.४२ दाखवतंय.

पाना_पक्कड

वाटलंच. उष्णता वेगाच्या पटीत वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत. तू ३.८ गिगाहर्ट्झ आणि १.२५ व्होल्ट ठेवून बघ. हिशेब मांडला तर उष्णता जवळजवळ २८ टक्क्यांनी कमी. बदल्यात काय जातं? साठ मिनिटांचं रेंडर फार तर पासष्ट मिनिटांत होईल. तू झोपलेला असतोस, तुला पाच मिनिटांचं काय करायचंय? १.२५ वर हँग झालं तर एकेक पायरी वर चढव, प्रत्येक चिप वेगळी. रात्रीच्या रेंडरवर सोडण्याआधी तासभर स्ट्रेस टेस्ट (प्रोसेसरला पूर्ण ताण देणारा प्रोग्राम) चालव, नाहीतर कोणाच्या तरी वरमाला अर्ध्यातच राहतील.

एवढं झाल्यावर मग कूलर. १२० मिमी पंख्याचा, चार हीटपाइपचा (उष्णता वाहून नेणाऱ्या नळ्यांचा) टॉवर, म्हणजे उभा कूलर घे. डीपकूलचा एके४०० तुझ्या बजेटात बसेल, तिकडच्या सिल्व्हर मॉलमधल्या कॉम्प्युटरच्या दुकानांत चौकशी कर. उंची १५५ मिमी आहे, आधी बोर्डापासून झाकणापर्यंत पट्टीने मोज. माझ्या एका गिऱ्हाइकाने न मोजता आणला आणि वर्षभर झाकण उघडं टाकून बसला, आत पालीने संसार थाटला.

जुना काढताना घाई करू नकोस, हे नीट वाच. या सॉकेटच्या (बोर्डावर प्रोसेसर बसतो त्या जागेच्या) १३३१ पिना प्रोसेसरलाच आहेत. प्रोसेसर आणि कूलर यांच्यामधली पेस्ट वाळलेली असली आणि कूलर सरळ वर उपटला तर प्रोसेसर त्याला चिकटून सॉकेटमधून उपटून येतो, पिना वाकतात. म्हणून आधी दहा मिनिटं रेंडर चालवून पेस्ट गरम कर, मशीन बंद करून वायर काढ, चारी स्क्रू तिरके-तिरके थोडे थोडे सोड, मग कूलर बरणीच्या झाकणासारखा डावी-उजवीकडे हलव. सुटल्याचं हाताला कळतं, चिकट मधासारखं. तेव्हाच उचल. आणि स्क्रू निघाले की बोर्डामागची धातूची पट्टी खाली पडते, ती एका हाताने धर. नव्या कूलरलाही तीच लागते. पेस्ट वाटाण्याएवढी, चटणीसारखी फासायची नाही.

शेवटी बायोसमध्ये फॅन कर्व्ह, म्हणजे किती तापमानाला पंखा किती वेगाने: ६० अंशांपर्यंत ३५ टक्के, ७५ ला ६०, ८५ च्या पुढे पूर्ण. रायझनचं तापमान नुसता ब्राउझर उघडला तरी टुणकन उडी मारतं, त्यामुळे पंखा सारखा हूं-हां करतो. पंख्याचा वेग बदलायला काही सेकंद उशीर लावायची सोय बऱ्याच बोर्डांत असते, ती शोध. कानाला एकसारखा आवाज खटकत नाही, चढउतार खटकतो.

बडोद्याचा_बाळ

काका, माझ्या हीटसिंकवर खरंच लोणी आहे. आत्ता बघितलं. ब्लोअर मारू का?

पाना_पक्कड

मार, पण गच्चीत. पंखा बोटाने धरून ठेव, हवेने भन्नाट फिरला तर बेअरिंग जातं. पॉवर सप्लाय उघडू नकोस, वायर काढल्यावरही त्यातले कपॅसिटर झटका देतात.

निशाचर_इंदूर

रविवारी सगळं केलं. ३.८ ला १.२५ वर हँग झालं, १.२७५ वर टिकलं. डीसी मोड केल्याबरोबरच अर्धा गोंगाट गेला, तेही फुकटात. दुकानदाराला हे दोन वर्षांपूर्वी करता आलं असतं, पण असो. कूलर काढताना तुम्ही म्हणालात तसंच झालं, मधासारखं. पट्टी मात्र पडलीच, पायावर. आता रात्री रेंडरमध्ये ७१-७२, खोलीत ३३ अंश असताना.

आता एक नवीनच ऐकू येतंय, बारीक घूं घूं. आधी इतक्या गदारोळात कळलंच नसणार. रात्री टेबलावर हात ठेवला की हातालाही लागतं.

पाना_पक्कड

हार्डडिस्क. मिनिटाला ७२०० फेऱ्या म्हणजे सेकंदाला १२०, तोच सूर पत्रा आणि टेबल मोठा करून ऐकवतात. पंक्चरवाल्याकडून सायकलची जुनी ट्यूब आण, स्क्रूच्या दोन्ही बाजूंना तिचे वायसर कापून लाव, स्क्रू करकचून आवळू नकोस. कॅबिनेटच्या पायांखालीही एकेक तुकडा.

निशाचर_इंदूर

लावले, घूं घूं गेली. ट्यूब फुकट मिळाली. कशाला हवी ते सांगितलं तर पंक्चरवाला म्हणाला, "भिया, कंप्यूटर पंचर हो गया क्या?"