आईबाबांच्या पैशातून डिपॉझिट भरलं तर घर आपलं नाही का?

निळी_छत्री: परवा एकाने लिहिलं होतं की "आईबापांच्या पैशातून डिपॉझिट भरणाऱ्यांनी 'आम्ही इंग्लंडात घर घेतलं' असं सांगत फिरू नये, ते घर आईबापांनी घेतलेलं असतं." दोन दिवस तेच डोक्यात घोळतंय. आम्ही ६ वर्षं भाड्याने राहिलो, त्यात ३ घरं बदलली, दोन वेळा घरमालकाला घर विकायचं होतं म्हणून सेक्शन २१ ची नोटीस (भाडेकरूची काही चूक नसतानाही घर खाली करायला लावणारी), २ महिन्यांत सामान बांधा आणि निघा, मुलाची शाळा सुटली तरी कुणाला काय. भाडं महिन्याला १,६०० पाउंड भरत होतो आणि हप्ता बसणार होता त्याच्या शंभर-सव्वाशे वर, म्हणजे ऐपत होती, नव्हती ती डिपॉझिटची, म्हणजे घर घेताना कर्जाशिवाय आपण भरायची एकरकमी रक्कम. ३ लाख ६० हजारांच्या घराला आमचे १८ हजार साठले होते, तेवढेच बाबांनी दिले, डिपॉझिट ५ चे १० टक्के झाले आणि कर्जाचा व्याजदर खाली आला. आता पुढची ३० वर्षं हप्ता बाबा भरणार आहेत का? मग घर त्यांनी घेतलं कसं?

अजून_भाडेकरू: ते मीच लिहिलं होतं आणि अजूनही तेच म्हणतो. मी आणि बायको दोघांनी लाइफटाइम आयसा (पहिल्या घरासाठीचं बचत खातं, पण घर साडेचार लाख पाउंडांपर्यंतचंच हवं) उघडला, वर्षाला चार-चार हजार, वर सरकारचे २५ टक्के. साठेपर्यंत आमच्या भागातली घरं साडेचार लाखांच्या पुढे गेली, आणि ती मर्यादा योजना २०१७ मध्ये आली तेव्हापासून तिथेच आहे. आता दुसऱ्या कशासाठी पैसे काढले तर पूर्ण रकमेच्या २५ टक्के कापतात, म्हणजे ४,००० भरले, ५,००० झाले, हातात येतात ३,७५०. स्वतःच्या घामाच्या पैशातले अडीचशे गेले! माझ्या वडिलांकडून काही मिळायचा प्रश्नच नाही, मीच दर महिन्याला घरी पाठवतो. दोन वेळा ऑफर दिली, दोन्ही वेळा आमच्यापेक्षा जास्त देणारे निघाले आणि एजंटच म्हणाला की त्यांना घरून मदत आहे. तुमचे १८ हजार म्हणजे माझी ५ वर्षं आहेत ताई.

निळी_छत्री: त्याबद्दल वाईट वाटतं, खरंच वाटतं. पण मर्यादा सरकारने वाढवली नाही आणि राग माझ्या बाबांवर काढताय तुम्ही.

फाईल_नंबर_सात: मी कन्व्हेयन्सिंगमध्ये, म्हणजे घर खरेदी-विक्रीच्या कायदेशीर कागदपत्रांचं काम करते, रोज हेच बघते, म्हणून राहवत नाही. घर कुणाचं यावर भांडा, पण गिफ्ट लेटरवर काय सही करताय ते तरी वाचा. त्यात देणाऱ्याने लिहून दिलेलं असतं की पैसे परत घेणार नाही आणि घरात माझा हिस्सा नाही. आणि फोनवर मुलगा सहज बोलून जातो, "बाबांना महिन्याला ३०० पाठवायचे ठरलेत." अहो मग ते कर्ज झालं! लेंडरपासून, म्हणजे गृहकर्ज देणाऱ्या बँकेपासून लपवलं तर सरळ सरळ खोटं बोलणं आहे. आणि आम्ही वडिलांचं बँक स्टेटमेंट, एफडी मोडल्याची पावती, जमीन विकली असेल तर तिचे कागद मागितले की लोकांना अपमान वाटतो. पैसा आला कुठून ते आम्हाला बघावंच लागतं. काही लेंडर तर परदेशातून आलेलं गिफ्ट घेतच नाहीत, ते ऑफर द्यायच्या आधी विचारा.

गणित_कच्चं: टीसीएसचं (परदेशी पैसे पाठवताना भारतात आधीच कापला जाणारा कर) पण सांगा कुणीतरी. भारतातून एका माणसाने वर्षात १० लाखांच्या वर पाठवले की वरच्या रकमेवर २० टक्के आधीच घेतात. रिटर्न भरल्यावर वळते होतात पण तोवर अडकतात. आमच्याकडे आई आणि बाबांनी आपापल्या पॅनवर वेगळे पाठवले.

पण आमचा खरा घात दुसरीकडेच झाला. बाबांनी मागेच गावाकडच्या फ्लॅटवर माझं निम्मं नाव घातलं होतं, मला विचारलंसुद्धा नव्हतं. जगात कुठेही घरात हिस्सा असला की इथे तुम्ही पहिल्यांदा घर घेणारे राहत नाही, आणि तो हिस्सा ४० हजार पाउंडांचा किंवा वरचा असेल तर ५ टक्के ज्यादा स्टॅम्प ड्यूटी. निळी_छत्री यांच्याच किमतीचं घर धरा, आजच्या दराने त्यांना ३,००० बसेल आणि मला २६,०००. बाबांनी दिलेलं सगळं गिफ्ट त्यातच गेलं. त्यांना अजून सांगितलेलं नाही.

तिसरी_मुलगी: निदान नाव तरी घातलं तुमचं. आमच्याकडे भावाने तिकडे घर घेतलं तेव्हा बाबांच्या ३ एफडी मुदतीआधी मोडल्या. त्यांना दवाखान्यात कोण नेतं? मी. रात्री फोन कुणाला येतो? मला. आणि "मला काय?" असं एकदाच विचारलं तर आई म्हणाली "तुझं लग्न केलं की." भावाला दिलं ते गिफ्ट आणि मला दिलं ते लग्न.

अजून_भाडेकरू: ताई, लग्नाला पण खर्च येतोच की, तो आईबापांनीच केला ना.

तिसरी_मुलगी: दादा, लग्न भावाचंही झालं आणि ते माझ्यापेक्षा मोठं झालं! त्याचा खर्च त्याच्या वाट्यातून कुणी वजा केला? मांडव माझ्या खात्यात आणि घर त्याच्या खात्यात, हा कुठला हिशेब? आणि मांडवात काय मी राहायला जाऊ?

गणित_कच्चं: ताईंचं दुखणं समजतं, पण वडिलांची स्वतःची कमाई आहे, ती कुणाला द्यायची ते त्यांनी ठरवायचं. मुलींना समान हक्क देणारा २००५ चा कायदा वडिलोपार्जित मालमत्तेचा आहे.

तिसरी_मुलगी: कायदा मला माहिती आहे, मी कोर्टात निघाले नाहीये. मला कुणी सांगितलंही नाही, एवढंच म्हणतेय. एफडी मोडल्याचं मला बँकेतल्या बाईंकडून कळलं, बाबांच्या पासबुकावर एंट्री मारायला गेले होते तेव्हा. तुमच्यापैकी किती जणांनी पैसे घेताना भावंडांना फोन केला ते सांगा.

फाईल_नंबर_सात: माझ्यासमोर तरी कुणी केलेला नाही. आणि त्याच पैशावरून पुढे नवराबायको विभक्त झाले की मग वडिलांना आठवतं की ते पैसे फक्त मुलाला दिले होते. तेव्हाच टेनन्ट्स इन कॉमन (दोघांचे हिस्से वेगवेगळे) आणि डिक्लरेशन ऑफ ट्रस्ट (कुणाचा किती हिस्सा याचा लेखी दस्त) केलं असतं तर निदान कागदावर काही राहिलं असतं, तरी नवराबायकोच्या घटस्फोटात कोर्ट ते पाळेलच असं नाही. पण सुचवलं की "आमच्यात तसं नाही" म्हणतात.

अजून_भाडेकरू: विषय कुठे गेला. असो. "ते घर आईबापांनी घेतलंय" हे जरा जास्तच झालं माझं, एवढं मान्य, ३० वर्षं हप्ता भरणाऱ्याला असं म्हणू नये. बाकीचं मागे घेत नाही. मला कुणी विचारलं की "तुमचं का होत नाही, त्यांचं तर झालं," तेव्हा त्या "त्यांनी" १८ हजारांचा उल्लेख केलेला नसतो. आणि घरी जाऊन बायकोला तोंड मला दाखवावं लागतं.

निळी_छत्री: हो, वास्तुशांतीच्या वेळी आम्ही "बचत केली" एवढंच सांगितलं होतं सगळ्यांना. तुमचं हे बरोबर आहे.

तिसरी_मुलगी, तुमचं वाचून काल रात्री बहिणीला फोन केला. ती बाबांपासून तीन गल्ल्या सोडून राहते, त्यांचं सगळं तीच बघते. पैशाचं सांगितलं तर म्हणाली "मला माहितीये, आईने तेव्हाच सांगितलं होतं. तू कधी सांगतेस ते बघत होते." चार वर्षं झाली त्याला. पुढे काय बोलावं ते मला सुचलं नाही, तीच म्हणाली की बाबांची गोळी द्यायची वेळ झाली, नंतर करते.