लॅमिनेट फ्लोअरिंग आणि जिन्याची वरची कड : तुमचे अनुभव सांगा

त्रिमूर्तीनगर
वरच्या मजल्यावर लॅमिनेट (दाबलेल्या लाकडी पाट्यांची फरशी) टाकून दोन महिने झाले. खोल्या छान दिसतात, पण जिना जिथे संपतो तिथली कड काही जमली नाही. मिस्त्रीने ॲल्युमिनियमची एल-पट्टी सिलिकॉनने चिकटवली, ती पंधरा दिवसांत हलायला लागली. आई त्याच कडेवर पाय टेकून उतरते, त्यामुळे माझं लक्ष सतत तिथेच. तुमचं काम बिघडलं असो की साधलं, सविस्तर लिहा. मापं जरूर द्या.

मानेवाडा
ताई, आमच्याकडे अगदी हेच झालं. पट्टी लॅमिनेटच्या पाटीला चिकटवली होती, स्लॅबला नाही. पाट्या खाली अंथरलेल्या फोमच्या पातळ थरावर नुसत्या टेकलेल्या असतात. पाय पडला की फोम दबतो आणि पट्टी खालीवर होते. दुसऱ्या वेळी सुताराने नोझिंगचा (पायरीच्या कडेवर बसणाऱ्या पट्टीचा) खालचा ट्रॅक प्लग ठोकून स्लॅबलाच कसला. पाटी त्याच्या अलीकडे ८ मिमीवर थांबवली आणि ती फट वरच्या पट्टीच्या ओठाखाली झाकली. तीन वर्षं झाली, जरा हललेली नाही. भोकं मात्र कडेच्या फार जवळ पाडू देऊ नका. आमच्या पहिल्याच भोकाला सिमेंटचा कोपरा निघून आला होता.

वर्धमाननगर
आम्ही उलटी चूक केली. कड पक्की हवी म्हणून शेवटची पाटीच स्क्रूने आवळली, आणि समोरच्या भिंतीला लॅमिनेट चिकटून बसलेलं. मे महिन्यात दिवसभर कुलर चालतो, हवेत ओल भरते. एका दुपारी पॅसेजच्या मधोमध दोन पाट्या तंबूसारख्या उभ्या! मिस्त्री म्हणे, "साहेब, माल खराब आहे." माल खराब नव्हता, त्याला फुगायला जागाच नव्हती. स्कर्टिंग काढून भिंतीकडून १० मिमी कापलं, पाटीतले स्क्रू काढले, तेव्हा सगळं खाली बसलं. पट्टी स्लॅबला घट्ट, लॅमिनेट मोकळं, एवढं मिस्त्रीकडून वदवून घ्या.

नंदनवन
उंचीकडे कोणी बघत नाही. आमची पाटी १२ मिमी आणि फोम २ मिमी. म्हणजे सगळ्यात वरची पायरी बाकीच्यांपेक्षा १४ मिमी उंच झाली. पायाला जुन्या उंचीची सवय असते. बाबा पहिल्याच आठवड्यात तिथे अडखळले आणि गुडघ्यावर आपटले. शेवटी खालच्या पायऱ्यांवरही तेवढाच थर चढवला. मग तळाची पायरी उंच झाली, म्हणून खालच्या मजल्यावर तिच्यापुढे उतार द्यावा लागला. खर्च वाढला, पण मला त्याचं दुःख नाही.

महाल
आमचा जिना जुना, सागवानी. बाजारातली पट्टी त्याला शोभत नव्हती. घरात आलापल्लीच्या सागाची मोडकी चौकट पडून होती, तिच्यातून सुताराने नोझिंग काढलं. खालून खाच मारली, पुढची कड रंध्याने गोल केली. प्रत्येक फेरीनंतर तो अंगठा फिरवून बघायचा. बोटाला कुठेही धार लागली नाही तेव्हाच म्हणाला, "आता झालं जी." पॉलिशही जिन्याशी जुळलं.

प्रतापनगर
जिना ग्रॅनाइटचा असेल तर माझं स्पष्ट मत : लॅमिनेट कडेपर्यंत आणूच नका. दगडाची गोल कड फोडून नोझिंग बसवायचं कशाला? आम्ही ग्रॅनाइटची एक पट्टी तशीच ठेवली, लॅमिनेट मागे थांबवलं आणि मधे उतरती रिड्यूसर पट्टी लावली.

त्रिमूर्तीनगर
सगळ्यांचे मनापासून आभार. माझा जिना कोटा दगडाचा आहे, पण वरची कड साध्या सिमेंटची, म्हणून मानेवाड्याच्या भाऊंसारखंच करणार. आज पट्टी उपटून पाहिली. सिलिकॉनला खाली नुसती सिमेंटची भुकटी चिकटलेली होती, स्लॅबला ते धरलंच नव्हतं. जागा झाडून, ओल्या फडक्याने पुसून ठेवली आहे. भोकांच्या खुणा कडेपासून दीड इंच आत केल्या आहेत. सुतार रविवारी येतो. तोवर आईचं अंथरूण खालच्या खोलीत हलवलं आहे.