बीपी नॉर्मल दिसत असताना पेशंट शॉकमध्ये (म्हणजे शरीराला रक्तपुरवठा कमी पडणं) जातोय हे ओळखायचं कसं? कॅज्युअल्टीतल्या सिनियर्सनी प्लीज सांगा

नमस्कार, जीएनएम (नर्सिंगचा कोर्स) होऊन दीड वर्ष झालं, तालुक्याच्या एका छोट्या हॉस्पिटलात आहे, मागच्या महिन्यापासून कॅज्युअल्टीला नाइट लागलीय. परवाची केस डोक्यातून जातच नाहीये म्हणून लिहितेय, लांबलंय, सांभाळून घ्या.

रात्री साडेअकराला बाईक स्लिप झालेला बावीस-तेवीसचा मुलगा आला, चालत आला हो! गुडघे सोललेले, हनुवटी फुटलेली आणि पोटावर डावीकडे बरगडीखाली हॅण्डलचा गोल वळ. प्यायलेला होता, वास येत होता. पल्स ९६, बीपी ११८/७६. ड्रेसिंग केलं, टीटी दिलं, डॉक्टर सर तेव्हा आत डिलिव्हरीच्या केसमध्ये. अर्ध्या तासाने बघते तर हा सारखा कूस बदलतोय, पाणी पाणी करतोय, डावा खांदा दुखतोय म्हणतोय, मला वाटलं खांद्यावर आपटला असेल. पल्स १२४, बीपी ११२/९०. बीपी तर चांगलंय, दारू आणि घाबरणं असं समजून चार्टवर लिहिलं आणि दुसऱ्या पेशंटकडे गेले. वीस मिनिटांत हातपाय गार, घामाने चादर ओली, बीपी वरचं ७८ आणि खालचं ऐकूच येईना. मग धावपळ, दोन व्हेनफ्लॉन (शिरेतल्या सुया), आरएल (सलाईन), १०८ बोलावून सिव्हिलला पाठवला. स्प्लीन (प्लीहा) फाटलेली निघाली. ऑपरेशन झालं, वाचला.

इन्चार्ज सिस्टर म्हणाल्या खांदा दुखतोय म्हणाला तेव्हाच सरांना बोलवायचं होतंस. का, ते विचारायची हिंमत झाली नाही. आणि ११२ बीपीला शॉक कसा? शिवाय पहिला पाइंट (सलाईनची बाटली) गेल्यावर बीपी १०० झालं आणि परत पडलं, ते माझ्यामुळे का?

—

उत्तर (कॅज्युअल्टीत १९ वर्षं):
अगं तू ११२ बघितलंस, ९० बघितलंच नाहीस. आधी दोन्हीतला फरक ४२ होता, नंतर २२. रक्त कमी पडायला लागलं की शरीर हातापायाच्या नसा आवळून धरतं म्हणून खालचं बीपी वर चढतं, पल्स पळतो, आणि वरचा आकडा काही वेळ तसाच राहतो. साठ किलोच्या माणसात किलोला ७० मिली धरलं तर सव्वाचार लिटरच्या आसपास रक्त, त्यातलं ३० टक्के म्हणजे सव्वा लिटर जाईपर्यंत वरचं बीपी फसवू शकतं. तरुण पोरं तर दम धरतात धरतात आणि एकदम सोडतात. पल्स भागिले वरचं बीपी करून बघ, एकच्या वर गेलं की सरांना हाक मारायची, ते कुठल्याही केसमध्ये असोत. तुझं १२४ भागिले ११२, गेलंच की वर. उलट बीपीच्या गोळ्या खाणारे आजोबा आले तर त्यात बीटा ब्लॉकर असू शकतो, मग पल्स वाढणारच नाही, तिथे यावर विसंबू नकोस. आणि प्यायलेला पेशंट अस्वस्थ असला तर आधी रक्तस्राव आणि डोक्याचा मार धरायचा, दारू सगळ्यात शेवटी.

—

उत्तर (सर्जरी रेसिडेंट):
खांद्याचं सांगतो. पोटातलं रक्त डायफ्रामखाली (छाती आणि पोटामधला पडदा) साचलं की तिथली फ्रेनिक नर्व्ह चाळवते, ती मानेतून येते आणि खांद्याच्या कातडीची संवेदनाही तिथूनच, म्हणून दुखणं खांद्यावर जाणवतं. याला केर्स साइन म्हणतात, डावा खांदा म्हणजे स्प्लीनचा संशय. हॅण्डलचा मार वाईट कारण सगळा जोर रुपयाएवढ्या जागेवर येतो, वरून नुसता वळ आणि आत अवयव फाटलेला. म्हणून पेशंट आला की 'कुठे दुखतंय' याच्या आधी 'कसा पडलास, काय लागलं' हे विचारा आणि लिहा.

पाइंटचं म्हणाल तर तुमचं काही चुकलं नाही. सलाईनने बीपी वर येऊन परत पडतं म्हणजे आत रक्त चालूच आहे, तिथे नळ उघडा ठेवून बादली भरण्यात अर्थ नसतो, त्याला रक्त आणि सर्जन लागतो. उगाच पाइंटवर पाइंट सोडले तर रक्त पातळ होतं, अंग गार पडतं, गोठणं बिघडतं. ब्लँकेट घाला, फ्लुइड कोमट असेल तर उत्तम. ट्रॅनेक्झामिक ॲसिड (रक्तस्राव कमी करणारं औषध) डॉक्टरांना आठवण करून विचारा, मार लागल्यापासून ३ तासांच्या आत गेलं तरच फायदा. आणि पाणी कितीही मागितलं तरी नाही.

—

धागाकर्ती:
ताई, सर, खूप खूप थँक्यू. पाणी नातेवाईकांनी पाजलंच होतं दोन घोट, आता कळलं. अजून एक, रात्री मी एकटीच असते, व्हायटल्स (पल्स, बीपी वगैरे) किती वेळाने घेऊ?

—

उत्तर (कॅज्युअल्टीत १९ वर्षं):
असल्या मारात आल्यावर पहिली पंधरा-वीस मिनिटं दर ५ मिनिटांनी, मग जरा स्थिर वाटला तर १५. मशीनवर सोडू नकोस, मनगट स्वतः धर, हात गार लागतोय का तेही कळतं. कॅथेटर घातलं असेल तर लघवी तासाला किलोमागे अर्धा मिली तरी हवी. आणि एका शहाण्या नातेवाइकाला उशाशी बसव, सांग की हा बडबडायला लागला, घाम फुटला किंवा गप्प झाला तर मला हाक मारा.