मदत हवी आहे: बॉर्डरलाइनच्या पत्रकासाठी मराठी शब्द सुचवा

मंडळी, बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डरवर (भावना आणि नाती सतत टोकाला जाणारा मानसिक विकार) ए-फोर कागदाला दोन घड्या घालून सहा पानी पत्रक करतोय. गाडी शब्दांशी अडलीय.

पहिली अडचण नावाची. 'सीमावर्ती व्यक्तिमत्त्व विकार' वाचून 'म्हणजे थोडासाच आजार' असा समज होऊ शकतो. न्यूरोसिस (चिंता, भीतीसारखे त्रास) आणि सायकोसिस (वास्तवाचं भान सुटणं) यांच्या सीमेवरचे रुग्ण, ही १९३८ सालची कल्पना. ती मागे पडली, नाव चिकटून राहिलं. मग देवनागरीत 'बॉर्डरलाइन'च ठेवावं का?

दुसरी, बायपोलरशी (अतिउत्साहाचा उन्माद आणि नैराश्य यांचे झटके येणारा आजार) होणारी गल्लत. बॉर्डरलाइनमध्ये मूड बहुधा काही तासांतच पालटतो आणि निमित्त बरेचदा नात्यातलं असतं: फोन उचलला नाही, भेट रद्द झाली. बायपोलरमधला उन्माद साधारण आठवडाभर तरी टिकतो. हे दोन ओळींत कोणी बसवून देईल का?

निदानाला ९ पैकी किमान ५ निकष लागतात, पण यादी छापणार नाही. छापली की लोक घरातल्यांवर टिकमार्क करत बसतात! ब्लेडचं चित्र आणि इजा करून घेण्याच्या पद्धतीही नकोत. त्रासात असलेल्याला त्यातूनच इच्छा होऊ शकते.

'स्प्लिटिंग'ला (एकाच माणसाला कधी पूर्ण चांगलं, कधी पूर्ण वाईट ठरवणं) 'आज देव, उद्या दैत्य' कसं वाटतं? आणि 'नाटकं करते' या शेऱ्याला उत्तर देणारं, पण उपदेश न वाटणारं एक वाक्य हवंय.

शेवटच्या पानावर डीबीटी (डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी, भावना सांभाळायची कौशल्यं शिकवणारी थेरपी) उपचाराची माहिती आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आहे. वऱ्हाडी, मालवणी बोलणाऱ्या कुणी मसुदा वाचून अडणारे शब्द कळवाल?