मदत हवी आहे: पागाच्या (मासे धरायच्या फेकजाळ्याच्या) गोळ्यांसाठी कोणतं शिसं?

मंडळी, बाबांनी विणलेला पाग पुन्हा वापरात आणायचाय. काठाच्या शिशाच्या गोळ्या बऱ्याच गळल्यात, त्या घरीच ओततोय. जुन्या पाइपचं मऊ शिसं ३२७ अंशांना वितळतं, साच्यात सुरेख भरतं, पण संपलं. टायरवाल्याकडची व्हील बॅलन्सिंगची वजनं वितळवली, तर गोळ्या कडक झाल्या. दोरीवर दाबताना तडकतात. त्यात मिसळलेल्या अँटिमनी धातूमुळेच ना? मऊ शिसं किती मिसळावं? टायरच्या वजनांत जस्ताचीही निघतात. ती ४१९ अंशांशिवाय वितळत नाहीत, म्हणून आच कमी ठेवून वर तरंगलेली काढतो. एवढं पुरतं का? बॅटरीचं शिसं कृपया सुचवू नका, फार विषारी प्रकार. ओतकाम उघड्यावर, मुलांपासून लांबच करतो. पावसाळ्याआधी पाग तयार हवाय.