कंदीलपुष्पाच्या पाट्या पुसल्या! डीएनए बारकोडिंगने जात कळेल का?

नमस्कार मंडळी,

मदत हवी आहे, आणि जरा घाईची आहे.

गेल्या सप्टेंबरात त्र्यंबकजवळ मित्राच्या बांधावर जेसीबी फिरणार होता, म्हणून तिथले खरपुडीचे (म्हणजे कंदीलपुष्पाचे, शास्त्रीय नाव सेरोपेजिया) सात कंद काढून नाशिकला गच्चीत कुंड्यांत लावले. फुलं असतानाच उचलले, त्यामुळे पाट्या बिनचूक होत्या. लिहिल्या मात्र 'परमनंट' मार्करने. यंदाच्या पावसात सगळ्या कोऱ्या!

तीन वेल लवेवरून सेरोपेजिया हिरसुटा, त्यांची काळजी नाही. उरलेली चार रोपं वीतभर, ताठ उभी, आणि यंदा एकालाही कळी नाही. त्र्यंबकजवळच्या अंजनेरी डोंगराची स्वतःची सेरोपेजिया अंजनेरिका आहे (2006 साली नोंदवलेली, जगात अगदी थोड्या जागी), तशीच उभी वाढणारी सेरोपेजिया लॉयीही आहे. पुढच्या जूनमध्ये कंद त्याच डोंगराच्या उतारावर परत लावायचेत. भलतीच जात नेऊन लावली आणि संकर झाला, तर वाचवायला गेलो नि वाट लावून आलो, असं व्हायचं.

एका खासगी लॅबकडून दोन रोपांचं डीएनए बारकोडिंग (ठरावीक जनुकाच्या क्रमावरून जात ओळखणं) करून घेतलं, आरबीसीएल या जनुकावरून. उत्तर आलं, 'सेरोपेजिया'. म्हणजे नुसती प्रजाती (जीनस), जात नाहीच. अहो, प्रजाती तर पान बघून मलाही कळत होती!

मग वाचत बसलो. वनस्पतींच्या बारकोडिंगसाठी आरबीसीएल आणि मॅटके या जनुकांची जोडी 2009 साली ठरली, पण तेव्हाच्या चाचणीतही तिने 72 टक्केच जाती वेगळ्या काढल्या होत्या. शिवाय दोन्ही जनुकं हरितलवकातली, म्हणजे सहसा आईकडूनच येणारी. रोप संकरित असेल तर बाप दिसणारच नाही. आयटीएस हा डीएनएचा तुकडा पेशीच्या केंद्रकातला असल्याने आई-बाप दोघांचा येतो ना?

जाणकारांनी सांगावं:

आयटीएसने इतक्या जवळच्या जाती सुटतात का, की ट्रनएच-पीएसबीए हा हरितलवकातला तुकडाही जोडावा लागेल?

जुळवायला खात्रीचा नमुना कुठून आणू? जीनबँकेतल्या (डीएनए क्रमांच्या सार्वजनिक संग्रहातल्या) नोंदीवरचं नाव चुकीचं असेल तर माझंही चुकणार. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या बागेत कंदीलपुष्पांचा संग्रह आहे. बाहेरच्या माणसाने विचारलेलं चालतं का?

डीएनएसाठी पानं सिलिका जेलमध्ये (ओल शोषली की गुलाबी होणारे निळे दाणे) सुकवायला ठेवलीत. दाणे दुसऱ्याच दिवशी गुलाबी झाले, बदलले. परत गुलाबी. नमुना वाया गेला का? कुंडीतली पानं पिवळी पडू लागलीत, एकदा सुकली की जूनपर्यंत नवी मिळायची नाहीत.